फ्लॉरेन्सची सान लोरेन्झो बॅसिलिका: भिंत अर्धवट का राहिली आणि आत काय पाहायचं

तुमचे प्रश्न तीन आहेत. फ्लॉरेन्समधल्या सान लोरेन्झो बॅसिलिकेची दर्शनी भिंत इतकी ओबडधोबड का? बाहेरून नजरेत भरण्याजोगं काही नसताना वास्तुकलेच्या अभ्यासात तिला एवढा मान का? आणि पाचशे वर्षांनी का होईना, ती भिंत आता पूर्ण का करत नाहीत? मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवतो. इटलीतली एकच इमारत विद्यार्थ्यांना दाखवता येणार असेल तर मी रोमचं सेंट पीटर्स बाजूला ठेवून सान लोरेन्झो निवडेन. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सान लोरेन्झो ही एकटी इमारत नाही. क्रुसाच्या आकाराचं मुख्य चर्च, त्याच्या डाव्या बाहूला जुनी सॅक्रिस्टी (म्हणजे पाद्र्यांचे विधीचे पोशाख आणि पात्रं ठेवण्याची खोली), उजव्या बाहूला नवी सॅक्रिस्टी, पाठीमागे फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची राजघराण्याचं समाधिमंदिर आणि शेजारच्या ओवऱ्यांच्या चौकावर उभं असलेलं ग्रंथालय, असा तो मोठा समूह आहे. काम पंधराव्या शतकात सुरू झालं आणि तुकड्यातुकड्यांनी थेट विसाव्या शतकापर्यंत चाललं. एवढ्या पसाऱ्यात नवखा माणूस हरवतो. त्याच्यासाठी एक खूण सांगतो: राखाडी दगड. फ्लॉरेन्सजवळच्या फिएझोलेच्या टेकड्यांतून निघणारा हा बारीक कणांचा वालुकाश्म. त्याला ‘पिएत्रा सेरेना’ म्हणतात. हा दगड कुठल्या खोलीत काय काम करतोय एवढंच पाहत चला. वास्तुकलेतली दोनशे वर्षांची उलथापालथ तुम्हाला पुस्तक न उघडता कळेल.

या जागेचा इतिहास मेदिचींच्या कितीतरी आधीचा आहे. पहिलं चर्च इ. स. ३९३ मध्ये मिलानचे बिशप सेंट अँब्रोज यांनी पवित्र केलं. त्याचा खर्च ज्युलियाना नावाच्या विधवेने केला असं परंपरा सांगते. तेव्हा ही जागा शहराच्या तटाबाहेर होती. पुढे सुमारे तीनशे वर्षं हेच शहराचं मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल होतं. तो मान नंतर शहरातल्या दुसऱ्या चर्चकडे गेला. अकराव्या शतकात इथे रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या पद्धतीचं नवं चर्च उभं राहिलं आणि १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी ते पवित्र केलं. आज त्यातलं फारसं काही दिसत नाही. तरी मेदिचींनी घराण्याची प्रतिष्ठा बांधायला नेमकी हीच जागा का धरली, ते यावरून समजतं. ते राहायचे याच वस्तीत, आणि या चर्चच्या मागे हजार वर्षांचं पावित्र्य होतं.

१४१८ मध्ये चर्चचे प्रमुख मत्तेओ दोल्फिनी यांनी मागच्या बाजूची घरं पाडून चर्च वाढवण्याची परवानगी नगरशासनाकडे मागितली. खर्च वाटून घ्यायचा ठरला: वस्तीतल्या एकेका श्रीमंत घराण्याने एकेक प्रार्थनाकक्ष बांधायचा. जोव्हान्नी दी बिच्ची दे मेदिची यांनी सॅक्रिस्टी आणि तिच्या शेजारचा कक्ष पत्करला. १३९७ मध्ये मेदिची बँक सुरू केली ती यांनीच. काम सोपवलं फिलिप्पो ब्रुनेलेस्कीवर. त्याच सुमारास, १४२० मध्ये, शहराच्या कॅथेड्रलवरचा प्रचंड घुमटही तो उचलत होता. घुमट पाहायला जग येतं. माझ्या मते त्याचं डोकं कसं चालायचं हे त्या घुमटापेक्षा सान लोरेन्झोतल्या या लहानशा खोलीत जास्त स्वच्छ दिसतं.

जुनी सॅक्रिस्टी १४२१ ते १४२८ च्या दरम्यान उभी राहिली. सुमारे साडेअकरा मीटर बाजूचा चौरस, वर अर्धगोल घुमट, घुमटाला बारा फासळ्या आणि प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये एक गोल खिडकी. भिंती पांढऱ्या गिलाव्याच्या. त्यांवर राखाडी दगडाचे चपटे अर्धस्तंभ, त्यांच्या डोक्यावरून खोलीभर फिरणारी आडवी पट्टी, तिच्यावर कमानी आणि कमानींवर घुमटाचं वर्तुळ. जमिनीपासून पट्टीपर्यंत, पट्टीपासून कमानीच्या माथ्यापर्यंत आणि तिथून घुमटाच्या टोकापर्यंत अशी उंचीची तीन भागांत वाटणी आहे. खोलीत उभं राहिलं की ती आपोआप जाणवते. इमारतीचं वजन भिंती पेलतात. राखाडी दगड त्या भिंतीवर भूमिती रेखून दाखवतो: इथे चौरस, इथे वर्तुळ, इथे हे माप संपलं, ते सुरू झालं. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी मांडतात आणि रेषा नंतर येते, तशी ब्रुनेलेस्कीची रचना आधी मापांच्या जाळीत ठरलेली असते.

कोपऱ्यांकडे मुद्दाम पाहा. अर्धस्तंभ तिथे भिंतीत जवळजवळ बुडालेला आहे, त्याची जेमतेम बारीक पट्टी बाहेर डोकावते. विद्यार्थी विचारतात, ही चूक का? मला तो हिशेबाचा प्रामाणिकपणा वाटतो. जाळीप्रमाणे स्तंभ जिथे यायला हवा तिथेच तो आहे. कोपऱ्यात त्याचा जेवढा भाग दिसू शकतो तेवढाच दिसतो. शोभेसाठी त्याला पुढे ओढलेलं नाही.

या खोलीतलं शिल्पकाम ब्रुनेलेस्कीचा मित्र, शिल्पकार दोनातेल्लो याचं: गोलांमधली रंगीत चुनेगच्चीची शिल्पं आणि ब्राँझचे दरवाजे. दरवाजांवर संत आणि हुतात्मे जोडीजोडीने असे काही हातवारे करत उभे आहेत की वाद ऐकू यावा. ब्रुनेलेस्कीला मात्र हे रुचलं नव्हतं. त्याच्या पंधराव्या शतकातल्या चरित्रात, दरवाजांच्या भारदस्त चौकटींवरून दोघा मित्रांचं बिनसल्याची नोंद आहे. जागेवर उभं राहून पाहिलं तर मला ब्रुनेलेस्कीचं म्हणणं पटतं. ती दारं सुंदर आहेत, पण खोलीच्या शांत मापाला धक्का देतात. वेदीवरच्या छोट्या घुमटात निळ्या रंगात तारामंडळं रंगवली आहेत. सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या जागा इतक्या नेमक्या आहेत की ते एका ठरावीक दिवसाचं फ्लॉरेन्सवरचं आकाश असल्याचं अभ्यासकांनी ओळखलं. बहुतेक जण ती तारीख ४ जुलै १४४२ मानतात. खोलीच्या मध्यभागी संगमरवरी मेजाखाली जोव्हान्नी आणि त्यांच्या पत्नीची शवपेटी आहे. १४२९ मध्ये ते वारले तेव्हा ही खोली तयार होती, बाकीचं चर्च मात्र अजून व्हायचं होतं.

मुख्य चर्चचं काम मग रखडलं. शेजारच्या लुक्का शहराशी युद्ध झालं. १४३३ मध्ये जोव्हान्नींचा मुलगा कोझिमो हद्दपार झाला आणि वर्षभरात परतला तो शहराचा खरा सूत्रधार होऊन. १४४२ मध्ये मधल्या दालनाचा आणि वेदीभागाचा खर्च त्याने एकट्याने उचलायचं कबूल केलं. अट अशी की त्या भागात त्याच्या घराण्याशिवाय आणि चर्चच्या पाद्रीमंडळाशिवाय दुसऱ्या कुणाचं कुलचिन्ह किंवा थडगं येता कामा नये. इतरांच्या वर्गणीतून सुरू झालेलं वस्तीचं चर्च एका ठरावाने एका घराण्याचं झालं. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये वारला. पुढचं काम आंतोनिओ मानेत्ती चाक्केरीने नेलं. मुख्य वेदी १४६१ मध्ये पवित्र झाली.

आता मुख्य दालनात दरवाजाजवळ उभे राहा. मधोमध उंच दालन, वर सपाट चौकटींचं छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे पडव्या, पडव्यांच्या कडेला पायऱ्या चढून जायचे छोटे प्रार्थनाकक्ष. हा आराखडा प्राचीन रोमन सभागृहांचा आणि पहिल्या ख्रिस्ती चर्चांचा. ब्रुनेलेस्कीने गॉथिक टोकदार कमानी आणि उंच दगडी छत सोडून तो पुन्हा आणला, पण स्वतःचा हिशेब घालून. आडवा आणि उभा बाहू जिथे छेदतात तो चौरस हे मूळ माप. वेदीभाग तेवढाच, आडवे बाहू तेवढेच, मधलं दालन म्हणजे तसेच चार चौरस एकापुढे एक. पडवीतला प्रत्येक खण त्या चौरसाच्या चौथ्या हिश्शाएवढा. प्रत्यक्षात खांबांच्या जाडीमुळे मापं थोडी इकडेतिकडे होतात. ब्रुनेलेस्कीने ती अडचण पुढे फ्लॉरेन्समधल्याच सान्तो स्पिरितो चर्चमध्ये जास्त नेटकी सोडवली. तरी चालताना पावलांना लय सापडते, आणि ही लय त्याआधीच्या गॉथिक चर्चांत इतकी उघड कुठेच नव्हती.

खांबांचे माथे नीट पाहा. कॉरिंथियन, म्हणजे पानांच्या नक्षीच्या, स्तंभशीर्षावरून कमान थेट सुरू होत नाही. मध्ये आडव्या पट्टीचा एक चौकोनी तुकडा आहे. प्राचीन रोमन इमारतीत ही पट्टी सलग धावते, इथे प्रत्येक खांबावर तिचा एकेक तुकडा ठेवलाय. त्यामुळे कमानी थोड्या उचलल्या जातात आणि खांब उंच केल्याशिवाय दालन हलकं होतं. पुढे युरोपभर या युक्तीची नक्कल झाली. इथेही राखाडी दगड रेघच ओढतो आहे. फरक एवढाच की खांबांत आता तो खरंच भार घेतो, आणि भिंतीवरची रेघ आणि भार पेलणारा खांब एकाच भाषेत बोलतात.

घुमटाखाली, वेदीसमोर, जमिनीत रंगीत दगडांची एक गोल-चौकोनी रचना दिसेल. ती कोझिमोच्या समाधीची खूण, शिल्पकार व्हेरोक्किओने केलेली. तो १४६४ मध्ये वारला. शहराने त्याला ‘राष्ट्रपिता’ ही पदवी दिली. त्याचं थडगं खाली तळघरातल्या खांबात आहे आणि तोच खांब वर चर्चच्या जमिनीपर्यंत येतो. चर्चमध्ये वेदीखाली संताचे अवशेष ठेवायची प्रथा. त्या जागेच्या इतक्या जवळ एका सावकाराने स्वतःला पुरून घेतलं, आणि वर डोळ्यांना खुपेल असं काहीच बांधलं नाही. सत्ता किती शांतपणे जागा व्यापते याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. १४६६ मध्ये वारलेला दोनातेल्लोही कोझिमोजवळच पुरलेला आहे.

त्याच दोनातेल्लोची अखेरची कामं, ब्राँझची दोन प्रवचनपीठं, मुख्य दालनात समोरासमोर आहेत. ती त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी पूर्ण केली. त्यांवरची ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची दृश्यं पाहायला वेळ द्या. आकृत्या चौकटीबाहेर सांडतात, काही ठिकाणी पृष्ठभाग खडबडीतच ठेवलाय, शोक करणाऱ्या बायका केस मोकळे सोडून आकांत करतात. चहूकडे ब्रुनेलेस्कीची मोजूनमापून ओढलेली शांतता आणि मध्ये हा आकांत. डाव्या आडव्या बाहूतलं फिलिप्पो लिप्पीचं देवदूताच्या निरोपाचं चित्रही चुकवू नका. त्यात पुढच्या कडेला ठेवलेला काचेचा छोटा चंबू पाहा.

आता दर्शनी भिंतीकडे येऊ. लोरेन्झो द मॅग्निफिसंट या नावाने प्रसिद्ध असलेल्या लोरेन्झो मेदिचीचा मुलगा जोव्हान्नी १५१३ मध्ये पोप लिओ दहावे झाला. १५१५ मध्ये तो थाटात फ्लॉरेन्सला आला. घराण्याच्या चर्चला चेहरा नाही हे त्याला खटकणं साहजिक होतं. रचना मागवल्या गेल्या. रॅफाएल, ज्युलियानो दा सांगाल्लो, याकोपो सान्सोविनो यांची नावं चर्चेत होती. काम मायकेलअँजेलोला मिळालं. जानेवारी १५१८ मध्ये करार झाला, रक्कम ४० हजार दुकात, म्हणजे सोन्याची नाणी. त्याची कल्पना अफाट होती: संपूर्ण संगमरवरी दुमजली दर्शनी बाजू, अखंड दगडाचे खांब आणि ब्राँझ-संगमरवराचे पुतळे. तिचा लाकडी नमुना आज फ्लॉरेन्सच्या कासा बुओनार्रोती संग्रहालयात आहे.

मग तो अडकला दगडात. पोपने संगमरवरासाठी प्रसिद्ध असलेल्या काराराच्या खाणी सोडून फ्लॉरेन्सच्या हद्दीतल्या पिएत्रासान्ता आणि सेराव्हेत्साच्या खाणी वापरायला लावल्या. तिथे रस्ताच नव्हता. चाळिशी ओलांडलेला, सिस्टीन चॅपलचं छत पूर्ण केलेला हा कलावंत डोंगरात रस्ते करून घेण्यात, दगडी खांब घसरवत खाली आणण्यात आणि बोटींची व्यवस्था लावण्यात वर्षं घालवत राहिला. खांब उतरवताना फुटले. कलावंतांची चरित्रं लिहिणारा चित्रकार-वास्तुकार व्हासारी लिहितो की तयार झालेल्यांपैकी एक खांब चर्चसमोरच्या चौकात पोहोचला, बाकीचे समुद्रकाठी राहिले. तोपर्यंत घराण्याची गणितं बदलली होती. पोपचा भाऊ ज्युलियानो १५१६ मध्ये आणि पुतण्या लोरेन्झो १५१९ मध्ये वारला. तिजोरी युद्धांनी आटत होती. आता चेहऱ्यापेक्षा थडग्यांची निकड होती. मार्च १५२० मध्ये करार रद्द झाला. मायकेलअँजेलोने हा अपमान पत्रांत कडवटपणे लिहून ठेवला आहे.

म्हणून ती भिंत तशी आहे. तुम्हाला दिसतात ते आडवे, ओबडधोबड थर म्हणजे वरून संगमरवर बसवण्यासाठी मुद्दाम खडबडीत ठेवलेली पाठ. बांधकामाच्या दृष्टीने ती अर्धवट नाही, पाठीचं काम पूर्ण आहे. समोरचं कधी आलंच नाही.

करार गेला, पण मायकेलअँजेलो सान लोरेन्झोतून सुटला नाही. कार्डिनल ज्युलिओ दे मेदिची, म्हणजे पुढचे पोप क्लेमेंट सातवे, यांनी त्याला नवी सॅक्रिस्टी दिली. १५२० च्या सुमारास काम सुरू झालं. तळाचा आराखडा जुन्या सॅक्रिस्टीचाच: चौरस, घुमट, छोटा वेदीकक्ष, पांढरी भिंत, राखाडी दगड. दोन्ही खोल्या एकाच दिवशी लागोपाठ पाहिल्या तर फरक अंगावर येतो. मायकेलअँजेलोने मध्ये एक जास्तीचा मजला घातला, त्यामुळे खोली उंच आणि अरुंद वाटते. वरच्या खिडक्या वर जाताना निमुळत्या होतात, म्हणून घुमट आहे त्याहून दूर भासतो. राखाडी चौकटींच्या आत पांढऱ्या संगमरवराची दुसरी इमारत कोंबल्यासारखी बसवली आहे. दारांवरचे जड, रिकामे कोनाडे खालच्या दारांना दाबतात. ब्रुनेलेस्कीच्या हातात जी रेघ मोजमाप दाखवायची, तीच इथे ताण दाखवते.

थडग्यांवरच्या दिवस, रात्र, तिन्हीसांज आणि पहाट या चार आकृत्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मी एवढंच सुचवतो की ‘दिवस’च्या चेहऱ्यावरच्या छिन्नीच्या दातेरी खुणा जवळून पाहा. चेहरा दगडातून पूर्ण बाहेर आलेलाच नाही. ज्यांची थडगी पूर्ण झाली ते दोघे तरुण सरदार, म्हणजे पोप लिओचा भाऊ ज्युलियानो आणि पुतण्या लोरेन्झो, इतिहासात दुय्यम होते. खुद्द लोरेन्झो द मॅग्निफिसंट आणि १४७८ च्या कटात मारला गेलेला त्याचा भाऊ ज्युलियानो मात्र ख्रिस्ताची आई मारिया हिच्या मूर्तीखाली एका साध्या पेटीत आहेत, त्यांचं स्मारक झालंच नाही. कारण मध्ये राजकारण आलं. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, फ्लॉरेन्सने मेदिचींना हाकललं, मायकेलअँजेलोने प्रजासत्ताकाच्या बाजूने शहराची तटबंदी उभारली, १५३० मध्ये शहर पडलं. क्लेमेंटने त्याला माफ करून पुन्हा कामाला लावलं. १५३४ मध्ये तो रोमला गेला आणि परत आला नाही. मांडामांड पुढे व्हासारी आणि शिल्पकार-वास्तुकार अम्मानाती यांनी केली.

या खोलीच्या बाबतीत जतनाच्या क्षेत्रातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. १९७५ मध्ये खालच्या एका अरुंद, कोळसा साठवायच्या खोलीतल्या गिलाव्याखाली कोळशाने काढलेली मोठमोठी रेखाटनं सापडली. १५३० मध्ये मायकेलअँजेलो इथे लपला असावा आणि यांतली काही त्याची असावीत असं शोध लावणारे संग्रहालयाचे संचालक पाओलो दाल पोज्जेत्तो यांचं मत होतं. सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून मोजक्या लोकांना तिथे सोडतात, एका वेळी चारच. दुसरी गोष्ट संगमरवराच्या सफाईची. १५३७ मध्ये खून झालेल्या अलेस्सांद्रो मेदिचीचं शव त्या पुतण्या लोरेन्झोच्या थडग्यात नीट सोपस्कार न करता ठेवलं गेलं होतं आणि त्यातून झिरपलेले डाग दगडात खोल गेले होते. २०१९-२० मध्ये संवर्धकांनी ते डाग खाणारे जिवाणू जेलमध्ये मिसळून दगडावर लावले आणि रसायनांनी न निघालेले डाग फिके केले. दगड न घासता, न झिजवता काम झालं. आपल्याकडे अजूनही जुन्या दगडावर बेधडक सँडब्लास्टिंग करणाऱ्यांनी हे काम अभ्यासावं.

ग्रंथालय हा मला या समूहातला सर्वांत धाडसी भाग वाटतो. क्लेमेंट सातवे यांनी मेदिचींच्या हस्तलिखितांसाठी ते १५२० च्या दशकात सुरू करवलं. जागा ओवऱ्यांच्या चौकावर, म्हणजे खाली जुन्या भिंती. वजन जपून टाकायचं होतं. वाचनदालनात मायकेलअँजेलोने राखाडी अर्धस्तंभांना खरंच कामाला लावलं: छताच्या तुळया त्यांच्यावर टेकतात, त्यामुळे मधली भिंत पातळ ठेवता आली. स्तंभ, तुळई, खिडकी आणि बाकं एकाच अंतराने लागतात. प्रवेशदालनात मात्र सगळं उलटं. खांब जोडीजोडीने भिंतीत खोल ढकललेले, भिंतच पुढे फुगून आलेली. खाली मोठाले दगडी ब्रॅकेट, वरवर पाहता कशालाच आधार न देणारे. पाहणाऱ्याला वाटतं खांब शोभेचे आहेत, पण वरचा भार त्यांच्यावरच येतो. इथे छतातून उजेड घ्यावा असा मायकेलअँजेलोचा बेत होता. पोपने कळवलं की मग काचांवरची धूळ पुसायला दोन भिक्षू नेमावे लागतील. जिना अम्मानातीने १५५९ मध्ये, मायकेलअँजेलोने रोमहून पाठवलेल्या मातीच्या नमुन्यावरून बांधला. मायकेलअँजेलोला तो अक्रोडाच्या लाकडाचा हवा होता, झाला राखाडी दगडाचा. पहिल्या पायरीवर उभं राहिलं की तो वरून खाली ओघळत येतोय असं वाटतं. ग्रंथालय १५७१ मध्ये खुलं झालं.

शेवटचा भाग म्हणजे राजपुत्रांचं समाधिमंदिर, आणि इथे राखाडी रेघ संपते. मेदिची आता फ्लॉरेन्सभोवतालच्या तस्कनी प्रांताचे ग्रँड ड्यूक, म्हणजे वंशपरंपरागत शासक, झाले होते. कोझिमोसारखं जमिनीखाली गुपचूप राहणं त्यांना पुरणार नव्हतं. १६०४ मध्ये फेर्दिनांदो पहिला याने अष्टकोनी मंदिर सुरू केलं. मूळ कल्पना त्याच घराण्यातल्या डॉन जोव्हान्नी दे मेदिची याची, बांधणारा मत्तेओ निजेत्ती, उंची सुमारे ५९ मीटर. आतल्या भिंतीवर पांढऱ्या गिलाव्याचा लवलेश नाही. जास्पर, ग्रॅनाइट, अकीक, लाजवर्द आणि शिंपल्यांच्या पच्चीकारीने भिंती मढवल्या आहेत. खालच्या पट्ट्यात तस्कनीच्या १६ शहरांची कुलचिन्हं आहेत. त्यांत दगडाचे पातळ काप लाकडी धनुष्याला ताणलेल्या तारेने, कुरुंदाची पूड टाकत कापलेले आहेत. मला ही खोली गुदमरवते हे कबूल करतो. कारागिरीपुढे मात्र मान झुकते. प्रचंड शवपेट्या रिकाम्या आहेत, शवं खालच्या तळघरात आहेत. फरशीचं काम विसाव्या शतकापर्यंत चाललं.

ही पच्चीकारी ज्या दरबारी कारखान्यात होत असे तो फेर्दिनांदोने १५८८ मध्ये स्थापला होता. मराठी आणि कोकणी माणसाने तो लक्षात ठेवावा, कारण त्याचं एक मोठं काम जुन्या गोव्यात आहे. बॉम जीझस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या उंच, रंगीत दगडांच्या समाधीवर ठेवली आहे, ती समाधी ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने दिलेली भेट. रचना त्या कारखान्याचा तेव्हाचा प्रमुख, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याची. झेवियर यांच्या जीवनातल्या प्रसंगांचे ब्राँझचे चार फलक त्याचेच. सुटे भाग लिस्बनमार्गे जहाजाने आले आणि सोबत आलेल्या कारागिरांनी १६९८ मध्ये ते जागेवर जोडले. वरची चांदीची पेटी मात्र सतराव्या शतकातच गोव्याच्या सोनारांनी घडवलेली. फ्लॉरेन्सला जाण्याआधी गोव्याला जाऊन ही समाधी नीट पाहिलीत तर राजपुत्रांच्या मंदिरात तुम्हाला हात ओळखीचा वाटेल.

आता तिसरा प्रश्न. फ्लॉरेन्समधल्याच सान्ता क्रोचेला संगमरवरी दर्शनी बाजू मिळाली ती १८५७ ते १८६३ मध्ये, आणि कॅथेड्रलला १८८७ मध्ये. दोन्हीही एकोणिसाव्या शतकाने मध्ययुगाची केलेली कल्पना आहेत. लोकांना त्या आवडतात, पण त्यांतून मूळ इमारतीबद्दल काही कळत नाही. सान लोरेन्झोसाठीही वेळोवेळी स्पर्धा आणि प्रस्ताव झाले, मायकेलअँजेलोचा नमुना प्रत्यक्षात उतरवा अशी मागणी या शतकातही पुढे आली. माझं मत स्पष्ट विरोधात आहे. तो नमुना अंतिम नव्हता. मायकेलअँजेलो दगड हातात आल्यावर रचना बदलत जायचा, ग्रंथालयाचा प्रत्येक इंच याची साक्ष देतो. नमुन्यावरून यंत्राने कापलेला संगमरवर चढवला तर जगाला मायकेलअँजेलोच्या नावाची एक खोटी इमारत मिळेल आणि खाणीच्या रस्त्यांवर गेलेल्या त्या वर्षांचा एकमेव उघडा पुरावा झाकला जाईल.

उघडा दगड नेहमीच बरा, असं मात्र मी म्हणत नाही. बॉम जीझसचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला गेला आणि तेव्हापासून तिचा सच्छिद्र जांभा दर पावसाळ्यात पाणी पितोय. वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं तिथलं नक्षीकाम टिकून आहे, जांभा झिजतोय. तिथे गिलावा परत चढवावा या मताचा मी आहे, कारण तो मूळचा होता आणि दगडाला त्याची गरज आहे. सान लोरेन्झोच्या भिंतीला संगमरवर कधी लागलाच नव्हता, आणि फ्लॉरेन्सच्या हवेत ती इतकी शतकं उभी आहे. पिएत्रा सेरेना उघड्यावर पापुद्रे सुटून झिजतो, म्हणून तिथले लोक तो बहुतेक आतच वापरतात. दर्शनी भिंतीचा तपकिरी दगड त्यापेक्षा कितीतरी चिवट आहे. तिला हवी आहे ती वेळच्या वेळी दरजा भरणं आणि उगवलेली झुडपं काढणं.

जाताना क्रम असा ठेवा. मुख्य चर्च आणि जुनी सॅक्रिस्टी आधी, समोरच्या दाराने. मग ओवऱ्यांच्या चौकातून वर ग्रंथालय. नवी सॅक्रिस्टी आणि राजपुत्रांचं मंदिर यांचा दरवाजा वेगळा, इमारतीच्या मागच्या बाजूला मादोन्ना देल्यी आल्दोब्रान्दीनी चौकात आहे. तिथलं तिकीटही वेगळं, कारण तो भाग सरकारी संग्रहालय आहे. बरेच जण हे माहीत नसल्याने एक भाग पाहून परततात. वेळा तिन्ही ठिकाणच्या निरनिराळ्या असतात, आदल्या दिवशी तपासून घ्या. दोन्ही सॅक्रिस्टी एकाच दिवशी, मध्ये फार वेळ न जाऊ देता पाहा.